निबंधकारांच्या घरातला विरोधी पक्ष

त्या घरात तिला कोणी नावाने हाक मारत नसे. सर तिला 'बाई' म्हणत, वहिनी 'अगं' म्हणत, आणि दाराची घंटा वाजली की दोघांपैकी कोणीतरी आतून ओरडे, "उघडा हो, विरोधी पक्ष आला!" शेजारच्या बिऱ्हाडातल्या गृहस्थांची बरीच वर्षं समजूत होती की ही बाई निवडणुकीला उभी राहते. खरं तर ती टायपिस्ट होती. सरांचे निबंध टाइप करायची, आणि टाइप करून झाले की त्या निबंधांशी भांडायची. पगार दोन्ही कामांचा मिळून एकच.

सर म्हणजे कोण, तेही सांगायला हवं. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, शर्टाचं वरचं बटण लावल्याशिवाय गॅलरीतसुद्धा न येणारे गृहस्थ. दर आठवड्याला वर्तमानपत्रात त्यांचा निबंध यायचा. बाजार, सरकार, कर, कायदे, कुटुंब, काय वाटेल ते. मत मात्र ठाम. सरकारने जिथे तिथे नाक खुपसू नये, माणसाला आपलं बरंवाईट आपण ठरवू द्यावं, आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गोष्ट कोणाच्या लहरीखातर मोडू नये. अर्ध्या शहराला हे पटायचं. उरलेलं अर्धं शहर सकाळी चहा पिता पिता त्यांच्या नावाने बोटं मोडायचं. बाई त्या दुसऱ्या अर्ध्यातली, आणि तीही पहिल्या रांगेतली.

ती आधी मोज्यांच्या कारखान्यात होती. ऑफिसात टायपिंग करायची आणि कामगार संघटनेची पत्रकं लिहायची. कारखाना तोट्यात गेला, सरकारने मदतीला नकार दिला आणि गेटला कुलूप लागलं. त्याच आठवड्यात सरांचा निबंध छापून आला: सरकारने केलं ते योग्यच केलं. बाईने तो वाचला आणि पेपर असा काही आपटला की तिचा नवरा जागच्या जागी दचकला. नवरा बसड्रायव्हर. भर रस्त्यात ट्रक आडवा आला तरी न दचकणारा माणूस तो!

पुढे काही महिन्यांनी कोणीतरी सांगितलं, अमुक ठिकाणी टायपिस्ट हवी आहे. बाई जिना चढून गेली, दार उघडलं, तर समोर पेपरातला फोटो जिवंत उभा. तिला वाटलं, आल्या पावली परत जावं. पण मुलगी लहान होती, नुकतीच मोठ्या दुखण्यातून उठली होती, आणि एका पगारात महिना काही केल्या पार पडत नव्हता. बाई मूग गिळून आत गेली आणि खिडकीखालच्या टेबलाशी जाऊन बसली.

आता मूग गिळणं हा तिचा स्वभाव नव्हे. ते काही फार वेळ टिकलं नाही. पहिल्याच दिवशी सर येरझारा घालत सांगत होते आणि ती टाइप करत होती. निबंध पुन्हा बंद कारखान्यांवरच. "हे कामगार," सर म्हणाले, "कालांतराने इतर उद्योगांत सामावले जातील."

बाईचे हात थांबले. "कुठे?"

"काय कुठे?"

"कुठल्या उद्योगात, सर? पत्ता असेल तर द्या. मी तर जातेच, कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर असायची ती पण अजून घरीच बसून आहे, तिलाही बरोबर घेते."

सरांच्या नाकाचा शेंडा लाल झाला. ते आत निघून गेले. बाईने पर्स काखेला लावली. चला, पहिला दिवस तोच शेवटचा. तेवढ्यात स्वयंपाकघरातून वहिनींचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, आवाज आला. "बरोबर विचारतेय ती. तुम्ही कधी कोणाला सामावताना पाहिलंत हो?"

सर बाहेर आले. "ते वाक्य खोडा," म्हणाले. "असं लिहा. काही सामावले जातील, काही जाणार नाहीत. जे जाणार नाहीत त्यांच्यासमोर उभं राहून हे धोरण योग्य होतं असं सांगायची माझी तयारी असली पाहिजे." मग तिच्याकडे वळले. "माझी तयारी आहे, बाई. तुमच्या घरचं काय झालं असेल ते मी समजू शकतो. पण धोरण योग्य होतं."

"मुळीच नव्हतं," बाई म्हणाली.

"मग का नव्हतं ते सांगा. बसा. अगं, चहा टाक!"

तिथून त्या घराचा कायदा सुरू झाला. निबंध टाइप झाला की वहिनींनी चहा आणायचा. बाईचा कप रिकामा होईपर्यंत बाईने बोलायचं आणि सरांनी ऐकायचं, मध्ये चकार शब्द काढायचा नाही. कप रिकामा झाला की सरांची पाळी, आणि बाईने गप्प बसायचं. शिवाय एक मोठं कलम: ज्या निबंधावर बाईला बोचरा असा एकही आक्षेप सुचणार नाही, तो निबंध घराबाहेर पडणार नाही. "ज्याच्याशी कोणाला भांडावंसंही वाटत नाही, ते छापून कागद कशाला नासायचा?" असं सरांचं म्हणणं.

बाई काय कमी होती का! ती कपाच्या तळाशी एक घोट राखून ठेवायला लागली आणि त्या एका घोटाच्या जोरावर वाटेल तितकं बोलायला लागली. सर मान उंचावून कपात डोकवायचे, वहिनींकडे बघायचे, पण कायदा म्हणजे कायदा. बोलता येत नसे म्हणून ते नुसती बोटं टेबलावर वाजवत बसायचे. शेवटी त्यांनी लहान कप आणायला लावले.

नेहमी बाईच वरचढ ठरायची असं कोणी समजू नये. पुष्कळदा तिची भंबेरी उडायची. घरभाड्यावर कायद्याने मर्यादा असावी की नसावी, यावर एकदा जुंपली. बाई भाडेकरूंच्या बाजूने तावातावाने बोलली आणि कप खाली ठेवला. सरांनी शांतपणे विचारलं, "तुमच्या छपराला गळती आहे म्हणत होतात. मालकीणबाईंना तुमच्या भाड्यात ते नवं करता येईल?" बाईने घरी जाऊन मालकीणबाईंकडे जरा नीट पाहिलं. म्हातारी स्वतःच गळक्या खोलीत बादल्या मांडून बसली होती. पुढच्या खेपेला बाई पडेल चेहऱ्याने म्हणाली, "भाड्याचं तुमचं थोडं बरोबर आहे." दुसरा कोणी असता तर मिशीत हसला असता. सर खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "थोडं म्हणजे कुठलं ते दाखवा. तेवढंच ठेवतो, बाकीचं काढून टाकतो."

कारखाना गेला तरी कामगार संघटना बाईने सोडली नव्हती. तिथली माणसं तिला टोमणे मारायची. त्या माणसाकडे काम करतेस? लाज नाही वाटत? एकदा दुसऱ्या एका कारखान्याच्या मालकांशी बोलणी ठरली, तर भर सभेत ती उभी राहिली आणि मालकांची बाजू आधी मांडायला लागली. गलका उठला. कोणाची आहेस गं तू? "तुमचीच आहे," ती म्हणाली, "पण मालक हेच बोलणार आहेत, आणि तेव्हा तुमच्याकडे उत्तर नसलं तर तोंडावर पडाल." मग एकेक मुद्दा घेऊन तिने तो खोडायला शिकवला. बोलणी झाली तेव्हा मालकांनी नेमके तेच मुद्दे काढले, आणि संघटनेच्या लोकांना एकदाही अडखळावं लागलं नाही. घरी नवरा म्हणायचा, "हिच्याशी भांडायची सोय राहिली नाही हो. मी तोंड उघडायच्या आत माझी बाजू हीच मांडते, ती पण माझ्यापेक्षा चांगली!"

हे सगळं कुठून आलं, ते बाईला पक्कं ठाऊक होतं. तिच्या बापाने, साहेबांनी, अगदी संघटनेच्या पुढाऱ्यांनीसुद्धा तिला आयुष्यभर 'सांगितलं तेवढं कर' एवढंच सांगितलं होतं. तोंड मिटून, बोटं वाजवत का होईना, तिचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबलेला हा पहिलाच माणूस. त्याची मतं तिला पटत नव्हती आणि त्याच्याविषयी तिचं मन भरून यायचं. दोन्ही एकाच वेळी खरं होतं, आणि त्याबद्दल ती कोणालाही स्पष्टीकरण देत नसे.

वर्षं गेली. टाइपरायटर जाऊन टेबलावर कॉम्प्युटर आला. बाईची मुलगी मोठी होऊन आपल्या संसाराला लागली. आणि एके सकाळी सर दात घासता घासता बेसिनपाशी कोसळले. पक्षाघाताचा झटका. जीव वाचला, पण डावा हात लुळा पडला आणि जीभ जड झाली. आठवड्याचा निबंध बंद झाला. दिवसभर खिडकीकडे तोंड करून बसायचे. कोणी काही विचारलं तर मान हलवायचे, बस.

सरांचे प्रकाशक भेटायला आले. भला माणूस, पण घाईचा. म्हणाले, निवडक निबंधांचं एक चांगलं जाड पुस्तक काढू या, फक्त शेवटी एक नवा निबंध हवा. सरांच्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी जरा धुगधुगी आली. विषय त्यांनी लगेच सांगितला, कृतज्ञता. बाई पुन्हा टेबलाशी बसली. सर एकेक शब्द ओढून काढत सांगायचे, मध्येच थांबायचे, कपाळावरचा घाम पुसायचे, पुन्हा सुरू करायचे.

मुद्दा त्यांचा असा होता. आईवडिलांनी, शेजाऱ्याने, ओळखीच्या दुकानदाराने आपल्यासाठी काही केलं तर आपण ते विसरत नाही, कारण आभार मानायला समोर माणूस असतो. सरकारी खात्याने केलं की तो आपला हक्क होतो, आणि समोर कोणीच नसतं. म्हणून जो समाज सगळी मदत खात्यावर सोपवतो, त्या समाजातली कृतज्ञता आटते. मुद्दा विचार करण्याजोगा होता, पण निबंध? निबंध काही जमला नव्हता. तीच गोष्ट तीन ठिकाणी आली होती. वाक्यं निम्म्यावर लंगडत होती. सरांचा तो खट्याळ तिरकसपणा औषधालाही नव्हता.

निबंध संपला त्या दिवशी वहिनींनी तिला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हळूच म्हणाल्या, "डॉक्टरांनी बजावलंय, डोक्याला ताण नको. आता वाद घालू नकोस गं. चांगलं म्हण आणि सोडून दे."

चहा आला. सरांनी उजव्या हाताने चाचपत वरचं बटण लावलं, पाठ ताठ केली आणि म्हणाले, "बोला, विरोधी पक्ष."

बाईने वहिनींकडे पाहिलं, सरांच्या लुळ्या हाताकडे पाहिलं. "काही नाही, सर," ती म्हणाली. "छान झालाय."

सर तिच्याकडे बघत राहिले. "छान?"

"हो. अगदी छान. काही हरकत नाही माझी."

"बरं," सर म्हणाले, आणि तोंड खिडकीकडे वळवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वहिनींना प्रकाशकांना फोन लावायला सांगितला. पुस्तक नको. का नको, तर बाईंचा आक्षेप नाही. प्रकाशकांना यातलं अक्षरही कळलं नाही. आक्षेप नाही म्हणून पुस्तक रद्द करणारा लेखक त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

आणि मग सर बाईशी सौजन्याने वागायला लागले. काय सांगायचं, त्यापेक्षा चार शिव्या बऱ्या! "या, बसा. मिस्टर बरे आहेत ना? आज ऊन फारच आहे, नाही?" एवढ्या वर्षांत या माणसाने तिला उन्हातान्हाचं कधी विचारलं नव्हतं. पूर्वी ती आली की पेपरातली बातमी तिच्या पुढ्यात आपटून "काय म्हणणं आहे तुमचं?" असं विचारायचे. आता पेपर घडी न मोडता बाजूला पडलेला असायचा. जेवणही कमी झालं होतं. वहिनी म्हणाल्या, औषधसुद्धा दहादा सांगावं तेव्हा घेतात.

बाईने घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून बोललीस. त्यात काय बिघडलं?"

"आजारी माणूस म्हणून बोलले, तेच बिघडलं," बाई म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "कारखाना बंद पडला तेव्हा सगळ्यांनी मला बिचारी केलं होतं. तू पण. त्या एका माणसाने केलं नाही. तोंडावर सांगितलं, तुमचं चुकतंय, आणि का चुकतंय ते ऐकायला बसवून घेतलं. आणि मी बघ! पहिली संधी मिळताच त्यांना बिचारा करून मोकळी झाले. मी छान म्हटलं आणि त्यांना कळलं की मी त्यांना मोडीत काढलं."

नवरा उठला. तिच्यासाठी पाणी घेऊन आला.

बाई सकाळी सरळ वहिनींच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. "वहिनी, मला भांडू द्या."

वहिनी हातातलं भांडं पुसत होत्या. "आणि काही झालं तर? पुन्हा झटका आला तर?"

वहिनी तेच कोरडं भांडं कितीतरी वेळ पुसत राहिल्या. त्यांचा जीव काय कमी गुंतला होता? नवरा त्यांचा होता. अखेर त्या म्हणाल्या, "रोज थोडे थोडे चाललेतच ते. माझ्या डोळ्यांदेखत. भांड. पण मी फोन घेऊन दारात बसणार."

चहा आला तेव्हा निबंधाचे कागद बाईच्या हातात होते. सर म्हणाले, "या. काल जरा ढगाळ होतं, नाही?"

"ढगांचं राहू द्या," बाई म्हणाली. "निबंध वाईट झालाय. दुसरा परिच्छेद आणि चौथा परिच्छेद एकच आहे. शेवट तर नाहीच. दमलात आणि थांबलात, त्याला शेवट म्हणत नाहीत. आणि हे सगळं सुधारलं तरी मुद्दाच चुकीचा आहे."

सरांची मान वळली.

"माझी मुलगी लहानपणी छातीत पाणी होऊन सरकारी दवाखान्यात पडली होती. कारखाना बंद, हातात काही नाही. तिथे बरी होऊन घरी आली. तुम्ही म्हणता, आभार मानायला समोर माणूस नव्हता. तिला घेऊन मी बसने घरी आले, सर. नवराच गाडी चालवत होता. मी एकेका उतारूकडे बघत होते. ह्याच्या करातून औषध आलं असेल, त्या बाईच्या करातून खाट आली असेल. एक जण माझ्या पायावर पाय देऊन उतरला, बूट घातलेला पाय, आणि मी, मी हो, तोंडातून शब्द काढला नाही. म्हटलं जाऊ दे, ह्याचेही पैसे असतील. तेव्हापासून ह्या शहरातल्या गर्दीत मला कोणी परकं वाटलेलं नाही. समोर माणूस नव्हता कसं म्हणता? समोर माणसंच माणसं होती!"

दारात वहिनींनी फोन घट्ट धरला होता. सरांच्या नाकाचा शेंडा लाल होत चालला होता. ते दिसत असूनही बाई थांबली नाही.

"आणि त्या माणसांत तुम्ही होतात. कर किती जास्त आहेत म्हणून दर वर्षी एक निबंध लिहीत होतात, दातओठ खात होतात, पण भरत होतात. माझी मुलगी जगली त्यात तुमचा वाटा आहे. कृतज्ञतेवर एवढं लिहिलंत आणि तेवढंच धरायचं विसरलात." तिने कप उचलला आणि एका दमात रिकामा केला. "झालं माझं."

मग सर बोलायला लागले. शब्द अडकत होते, पण त्यांना धक्का देऊन ते बाहेर काढत होते. "तुम्ही... अपवाद आहात. बाकीचे उतारू असा विचार करत नाहीत."

"विचारलंत त्यांना?"

"तुमची वेळ संपली!" सर ओरडले, स्वच्छ, खणखणीत. "कप रिकामा आहे! मध्ये बोलायचं नाही!"

वहिनी अर्ध्या उठल्या आणि पुन्हा खाली बसल्या.

"शिवाय," सर म्हणाले, "मी काही खुशीने दिलं नाही. माझ्याकडून घेतलं. जबरदस्तीने घेतलेल्याचे आभार कसले?"

कायदा मोडून बाई म्हणाली, "तुम्ही खुशीने दिलं नाहीत, म्हणून मी विसरायचं?"

सरांनी तोंड उघडलं. मिटलं. उजव्या हाताची बोटं टेबलावर वाजायला लागली. डोळे बारीक झाले, ओठ नुसतेच हलत राहिले. "ह्याला उत्तर आहे," ते म्हणाले. "आहे उत्तर. आत्ता सापडत नाहीये. ते कागद इथे ठेवा. आणि बाई, उद्या जरा लवकर या."

बाई "बरं, सर" म्हणाली आणि बाहेर पडली. जिन्यात पोचेपर्यंत तिने डोळ्यांतलं पाणी कसंबसं आवरलं होतं. मागून वहिनी अनवाणीच धावत आल्या आणि तिचे दोन्ही हात धरले. तिचे आभार मानायचे होते.

"उद्या म्हणाले गं," एवढंच त्या म्हणाल्या. "आजारपणापासून उद्याचं नावच काढत नव्हते."

आतून सरांची हाक आली. चष्मा कुठे ठेवलाय, असं ते विचारत होते.